छप्पन आणि नव्याण्णव

गोधडी वाचायची असेल तर आधी ती पालथी करावी. वरची बाजू पाहुण्यांसाठी असते. शिवणारीचा हात कुठे सैल पडला, कुठे घट्ट झाला, दोरा कुठे संपला, हे सगळं मागे उघडं पडतं. माझ्या आजीची गोधडी मी अशीच पालथी करून बघत आले आहे. लहानपणी अंगावर घेताना बघायची, आता साठी उलटल्यावर चष्मा लावून बघते.

मागच्या बाजूला आजोबांची दोन धोतरं आहेत, मधोमध जोडलेली. धुऊन धुऊन त्यांचा पांढरा रंग भाताच्या पेजेसारखा झाला आहे. त्यावर नुसते टाके दिसतात, ओळीमागून ओळ. फक्त दोन ठिकाणी टाके ओळ सोडून भलतीकडे वळतात. एक जागा उशाकडच्या कोपऱ्यात आहे, दुसरी अगदी मधोमध. मधला आकार पालथ्या बाजूने इंग्रजी पी अक्षराच्या जोडीसारखा वाटतो. गोधडी सुलटी केली की त्या जोडीचे दोन नऊ होतात. कोपऱ्यात ५६, मध्ये ९९, दोन्ही इंग्रजी आकड्यांत. आणि आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं.

ही गोधडी साकोली तालुक्यातल्या आमच्या गावी शिवलेली आहे. सुरुवात १९७१ च्या वैशाखात झाली आणि ती संपली १९७२ च्या जानेवारीत. काका तेव्हा फौजेत होते. कामठीला भरती झाले, काळी पत्र्याची ट्रंक घेऊन गेले, आणि मग वर्षातून एकदा ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने लिहिलेला नंबर घेऊन परत यायचे. आजीसाठी फौज म्हणजे ती ट्रंक, आणि महिना-दीड महिन्याने येणारं आंतर्देशीय पत्र. पत्र मास्तर वाचून दाखवायचे. वाचून झालं की आजी ते हातात घेऊन उलटसुलट बघायची. अक्षरं तिला लागत नव्हती, पण पाठवणाऱ्याच्या पत्त्यातली शेवटची ओळ तिच्या डोळ्यांत बसली होती: ५६ एपीओ.

फौजी माणसाच्या पत्त्यात गाव नसतं. युनिटचं नाव असतं आणि पुढे ५६ एपीओ नाहीतर ९९ एपीओ. ढोबळ मानाने ५६ ची डाक दिल्लीहून फुटते आणि ९९ ची कोलकात्याहून, म्हणजे पूर्वेकडच्या पलटणींची. माणूस बर्फात आहे की वाळवंटात, हे त्या आकड्यावरून कळत नाही, कळू नये म्हणूनच तो आकडा असतो. देशभरातल्या फौजी घरांना ही ओळ पाठ असते. आजीने ती सुईने लिहिली. मुलगा कुठे आहे याचं तिच्याजवळ असलेलं एकमेव उत्तर तिने उशाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने उतरवून घेतलं, आणि मग शिवायला बसली.

गोधडी कशी शिवतात ते इथे सांगायलाच हवं, कारण या गोधडीचा अर्थ तिच्या शिवणीच्या वाटेत आहे. उन्हाळ्यात आमच्याकडे अंगणात मांडव घालतात. त्या सावलीत खाली एक पातळ किंवा धोतर अंथरायचं, त्यावर जुनेराचे थर पसरायचे, वरून पुन्हा चांगलं दिसणारं कापड, आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे. मग कडेपासून धावदोरा घ्यायचा. चारही बाजूंनी एक फेरी पूर्ण झाली की बोटभर आत सरकायचं, पुन्हा फेरी. असं करत करत चौकोनाच्या आत चौकोन शिवत बाई मध्यावर येते, आणि गोधडी तिथे संपते. टाका सगळ्या थरांतून आरपार जातो, म्हणून आतलं कापड न दिसताही बांधलेलं राहतं. शिवणारी स्वतः गोधडीवरच बसलेली असते, काम पुढे जाईल तशी सरकत जाते.

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या बाईला ही चाल नवी नसते. तिने आयुष्यभर धानाची रोवणी केलेली असते. बांधीत चिखलात वाकून, मागे मागे सरकत, हाताच्या अंदाजाने ओळ धरायची, ही रोवणीची शिस्त आणि गोधडीची शिस्त एकच आहे. आजीच्या कडेच्या ओळी मी वितीने मोजल्या आहेत. एका वितीत बारा ओळी, आणि टाका चिन्नोरच्या दाण्याएवढा. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तो दाणा ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल: बारीक, निमुळता, एकसारखा. उन्हाळ्यातला आजीचा हात तसा आहे. त्यात कुठे घाई नाही.

कडेपासून थोडं आत लाल दोरा तुटतो.

तिथे एक गाठ आहे. तिच्यापुढे दोरा पांढरा आहे आणि टाक्याची जातच बदलली आहे. मृग लागला, पऱ्हे टाकायचे दिवस आले, मग रोवणी. गोधडी गुंडाळून माळ्यावर गेली. हे दर वर्षीचंच. अर्धी राहिलेली गोधडी पुढच्या उन्हाळ्याची वाट बघते, त्यात कुणाला काही वाटत नाही. पण श्रावणात आलेल्या पत्रावर शेवटच्या ओळीत वेगळा आकडा होता. मास्तर वाचू लागायच्या आधीच आजीने तो पाहिला. पत्रात काकांनी नेहमीसारखंच लिहिलं होतं, मी खुशाल आहे, धान कसं आहे. आजीला खुशालीपेक्षा तो आकडा मोठा वाटला. मुलगा हलला होता. कुठे, ते मास्तरांनाही सांगता येईना. त्यांनी एवढंच सांगितलं की ९९ म्हणजे कलकत्त्याकडे. रेडिओवर त्या दिवसांत पूर्व बंगालच्या निर्वासितांच्या बातम्या होत्या, गावात सगळ्यांच्या तोंडी तेच होतं.

धान कापून, चुरून झाल्यावर तिने गोधडी खाली काढली. डिसेंबर लागला होता. हा गोधडी शिवण्याचा महिना नव्हे, हाताला काम नसेल असा दिवस त्या महिन्यात नसतो. म्हणून ती रात्री शिवायची, चिमणीच्या उजेडात, सपरीत बसून. मी तेव्हा सात वर्षांची होते. तिचा वाकलेला खांदा आणि भिंतीवर वरखाली होणारी सावली मला आठवते. पांढऱ्या दोऱ्याच्या या ओळी एका वितीत एकवीस भरतात. इतक्या दाट ओळींची गोधडीला गरज नसते. दाट शिवण घेतली की गोधडी जड होते, कडक होते, ऊब वाढत नाही. कारागिरीच्या हिशेबाने हा दोष आहे आणि आजीला तो ठाऊक होता. तरीही तिने तसं शिवलं. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं, १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली. त्यानंतरही घरी पत्र यायला जानेवारी उजाडला. मधल्या या दिवसांना आमच्या घरात दुसरी कुठलीही नोंद नाही. डायरी नाही, फोटो नाही. या एकवीस ओळी आहेत.

पत्र आलं तेव्हा मध्यावर वितभर जागा उरली होती. त्या जागेत तिने ९९ काढला, त्याच्याभोवती शेवटची फेरी घेतली आणि दोरा दाताने तोडला.

आता सुलटी बाजू. रंग म्हणाल तर ही गोधडी देखणी नाही. चारही कडांना आजीच्या लग्नातल्या लुगड्याचे लाल काठ आहेत, पवनीच्या कोष्ट्यांनी विणलेल्या सुती लुगड्याचे. पोत अजून इतका घट्ट की आतलं कापड विरलं तरी काठ शाबूत आहेत. काठाच्या आत हिरव्या पातळाचा पट्टा आहे. त्याच्या आत काकांचे शाळेतले दोन पांढरे सदरे उभे चिरून लावले आहेत. मग त्यांची खाकी अर्धी चड्डी आणि आजोबांच्या दुपट्ट्याचे तुकडे. मध्याकडे जावं तसा रंग गडद होत जातो, आणि अगदी आतल्या चौकोनात फौजेतला माल लागतो. सुट्टीवर आले असता टाकून गेलेली काकांची फाटकी हिरवी पँट, आणि कोपर गेलेला अंगोला शर्ट. अंगोला म्हणजे लष्करात थंडीत घालतात ते सूत आणि लोकर मिसळलेलं जाड कापड. ते इतर सुती तुकड्यांत मिसळत नाही. धुतल्यावर वेगळं आकसतं, त्यामुळे मध्यावर गोधडीला हलकी घडी पडली आहे.

कडेला आईचं लग्न, मग मुलाची शाळा, मग गणवेश. बाहेरून आत येताना एका माणसाचं वय वाढत जातं. आजीने हे ठरवून केलं का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. माझं मत असं की तिने ठरवलं ते कापडाच्या मोलावरून. मजबूत कापड कडेला, कारण कड आधी फाटते. ऊबदार कापड मध्ये, कारण तिथे छाती येते. उपयोगाच्या या नियमातून ही रचना आपोआप उभी राहिली आणि म्हणूनच ती खोटी वाटत नाही. चांगल्या लोककलेत सौंदर्य असंच येतं, गरजेचा हात धरून.

या मधल्या चौकोनात अंगोला शर्टाचा खिसा आहे, झाकणासकट, बटणासकट. आजीने तो उसवून सपाट केला नाही. खिसा म्हणून उघडता येईल असाच ठेवला आणि धावदोरा त्याच्या भोवतीने वळवला. लहानपणी मी त्याला ठिगळ म्हटलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "ठिगर नोको मनू बाई, खिसा हाये तो." आमच्या झाडीबोलीत ळ चा र होतो. पुढे कळलं की त्या खिशात ती काकांचं नवं पत्र ठेवायची आणि पुढचं आलं की आधीचं काढायची. पांघरूण घेतलं की पत्र छातीवर येईल अशी ती जागा आहे. या एका जागी गोधडी कापड राहत नाही, अंग होते. मला विचाराल तर सबंध गोधडीतला हा सर्वांत उंच क्षण आहे. ९९ च्या आकड्याहूनही.

या सगळ्याची आठवण निघायला कारण घडलं ते माझ्या भाचीमुळे. तिचा धाकटा भाऊ अग्निवीर म्हणून फौजेत गेला, चार वर्षांसाठी. तीच काळी ट्रंक, तोच पांढरा नंबर. त्याच्यासाठी काहीतरी शिवायचं तिच्या मनात होतं. तिने मोबाइलवर अमेरिकेतल्या गोधड्यांचे फोटो दाखवले, निळ्या चौकोनात पांढरे तारे आणि लाल-पांढरे पट्टे. "आत्या, आपण तिरंग्याची शिवू या का? मध्ये चक्र घेऊ, चोवीस आरे मी भरते."

तिच्या मायेबद्दल मला शंका नव्हती, पण मी नाही म्हटलं. का, ते सविस्तर सांगते.

आपल्या ध्वजाचे नियम कडक आहेत आणि ते तसे असावेत असं मला वाटतं. राष्ट्रीय प्रतिष्ठा अपमान प्रतिबंध अधिनियम १९७१ चा आहे, म्हणजे आजी गोधडी शिवत होती त्याच वर्षातला. त्यात नंतर झालेल्या दुरुस्त्यांनी स्पष्ट केलं की उशी, हातरुमाल, नॅपकिन यांवर ध्वज भरणं किंवा छापणं हा अपमान आहे. गोधडीचं नाव तिथे नसलं तरी उशीला जे लागू आहे ते अंथरूण-पांघरुणाला लागणार नाही, असं कोण म्हणेल? ध्वजाने काही झाकायचं, पांघरायचं, याला कायद्याने एकच वाट ठेवली आहे: शासकीय इतमामातला, लष्करी आणि निमलष्करी दलांतला अंत्यविधी. तिथेही ध्वजाचा केशरी पट्टा डोक्याकडे असतो, आणि ध्वज चितेत जाळायचा नाही, कबरीत उतरवायचा नाही. तो घडी करून घरच्यांच्या हातात देतात.

हुबळीजवळ बेंगेरीला खादीचे राष्ट्रध्वज तयार होतात. त्यांची नऊ मापं ठरलेली आहेत. हुतात्म्याच्या पार्थिवावर पांघरतात तो ध्वज सहा फूट लांब आणि चार फूट रुंद असतो. आजीची गोधडीही सहा फूट लांब आणि चार फुटांना बोटभर कमी. दोन्ही मापं एकाच गोष्टीवरून आली आहेत, माणसाच्या देहावरून. हे लक्षात आलं तेव्हा मी गोधडीवर हात ठेवून बराच वेळ बसून होते. देशाने पांघरायचं वस्त्र वेगळं आहे आणि घराने पांघरायचं वेगळं. घराचं वस्त्र जिवंत माणसासाठी असतं. ती एकमेकांत मिसळू नयेत. भाचीला मी एवढंच म्हटलं, "बाळा, तिरंगा त्याच्या खांद्यावर तिकडे आहे. इथून त्याला घर पाठव."

अमेरिकेतल्या त्या गोधड्यांना मात्र नावं ठेवायचं काही कारण नाही. कॅथरीन रॉबर्ट्स या बाईचा मुलगा इराकमध्ये लढायला गेला होता. २००३ मध्ये तिने सैनिकांना गोधड्या शिवून देण्याचं काम सुरू केलं, ते क्विल्ट्स ऑफ व्हॅलर या नावाने वाढलं, आणि आतापर्यंत तीन लाखांहून जास्त सैनिकांच्या खांद्यांवर अशा गोधड्या घातल्या गेल्या आहेत. त्यांचा झेंडा कापडात उतरवायची त्यांची रीत निराळी आहे, त्यांच्या मनाला ती भावते. सुरुवात इथेही एका आईच्या झोप न येण्यातूनच झाली.

गणवेशाच्या कापडातून गोधडी शिवायची कल्पनाही फार जुनी आहे, आणि नवल म्हणजे त्या शिवणारे पुरुष होते. क्रिमियाच्या युद्धात इंकरमनला डोक्याला जखम झालेला थॉमस वॉकर नावाचा इंग्रज शिपाई रुग्णालयातल्या खाटेवर बसून लाल, पांढऱ्या, काळ्या तुकड्यांची गोधडी शिवतो आहे, असं थॉमस वूड या चित्रकाराचं चित्र लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सकडे आहे. हिंदुस्थानातल्या छावण्यांतही गोरे शिपाई गणवेशाच्या जाड लोकरीचे तुकडे जोडत बसायचे. फ्रान्सिस ब्रेली या शिपायाने १८६४ ते १८७७ या काळात हिंदुस्थानात नोकरीवर असताना शिवलेली अशी एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या गोधड्यांत सगळं कसब जोडणीत असतं: षटकोन, चौकट, बोटाएवढे तुकडे, भूमितीची कमाल. नजर दिपते. पण मला त्यांच्यात एकटेपणा जाणवतो. ज्या माणसाने शिवलं त्याच्याच कपड्यांचे तुकडे, त्याच्याच पलटणीचे रंग. घरातलं दुसरं कुणी त्यात नाही. आपल्या गोधडीत जोडणी साधीसुधी, ओबडधोबड असते आणि कसब असतं धावदोऱ्यात, जो सगळ्यांच्या कपड्यांना एकत्र धरून ठेवतो.

आजीच्या गोधडीची खरी बहीण शोधायची तर सिंगापूरला जावं लागेल. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं. आपलेही हजारो हिंदी जवान तिथे कैद झाले. गोऱ्या बायका-मुलांना चांगी तुरुंगात ठेवलं, नवरे वेगळ्या कैदेत. एकमेकांना निरोप धाडायची सोय नव्हती. त्या बायकांनी सहा-सहा इंचांचे चौकोन भरले, प्रत्येकीने आपलं नाव घातलं, आणि सहासष्ट चौकोनांच्या तीन गोधड्या झाल्या. त्या कैद्यांच्या रुग्णालयात गेल्या. बायकोच्या नावाचा चौकोन दिसला की नवऱ्याला कळायचं, ती जिवंत आहे. त्यातली एक जपानी जखमींसाठी म्हणून केली होती, म्हणजे जपान्यांनी बाकीच्या दोन पुढे जाऊ द्याव्यात. दोन गोधड्या आज ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात आहेत, एक ब्रिटिश रेडक्रॉसकडे. तिथे नाव म्हणजे पत्ता होता. आमच्याकडे आकडा म्हणजे पत्ता होता. दोन्हीकडे सुईने तेच केलं, जे टपालाला करता येत नव्हतं.

आपल्याकडे बायकांच्या हातकामाने फौजेची पाठ राखल्याची मोठी आठवण १९६२ ची आहे. तेव्हा घराघरांत, शाळाशाळांत जवानांसाठी स्वेटर विणले गेले. आमच्या आईनेही दोन विणले. ते कुणाच्या अंगावर गेले, कधी कळलं नाही. स्वेटर अनोळखी जवानासाठी होता आणि ती त्या विणकामाची थोरवी होती. गोधडी ओळखीच्या माणसासाठी असते. दोन्हींची तुलना करू नये.

आणि फौजेची सेवा फक्त गणवेशातच असते असंही नाही, निदान आमच्या जिल्ह्यात तरी. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना १९६४ पासून आहे. आसपासच्या कितीतरी घरांतली माणसं तिथे पाळीला जातात. २४ जानेवारी २०२५ ला तिथे स्फोट झाला आणि कामगारांचे जीव गेले. त्या घरांत खुंटीला लटकलेले कामाचे सदरे आजही असतील. आभाळ फाटल्यावर ठिगळ कुठे कुठे लावणार, म्हणतात. पण उद्या त्यातला एखादा सदरा त्या घरातल्या गोधडीच्या मध्यावर आला, तर त्याची जागा अंगोला शर्टाइतकीच मानाची आहे, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे.

रसिकाने दोषही सांगावेत. मधली घडी आणि अतिदाट शिवण मी सांगितलीच. तिसरा दोष आमचा, पुढच्या पिढीचा आहे. काका निवृत्त होऊन घरी आल्यावर हीच गोधडी रोज पांघरायचे. बाजेवर तणस, तणसावर सतरंजी, वर ही. पायथ्याची कड फाटली तेव्हा घरातल्या कुणीतरी ती मशीनवर शिवून घेतली आणि वरून चकचकीत साटीनची पट्टी लावली. मशीनचा टाका सरळ आहे, पक्का आहे, आणि तिथे नजर गेली की काटा टोचल्यासारखं होतं. तेवढ्या पट्टीत कुणीच बसलेलं नाही. तरी मी ती उसवली नाही. तीही आता पन्नास वर्षांच्या हकिकतीत जमा आहे.

चिंध्यांचा कमीपणा आपल्या मातीत कधी नव्हता. गाडगेबाबांना लोक चिंधेबुवा, गोधडेबुवा म्हणत आणि त्यांना मान देत. कमीपणा आला तो अलीकडे, दुकानातली ब्लँकेटं आली तसा. घरोघरच्या गोधड्या ट्रॅक्टरच्या सीटवर गेल्या, धानाच्या पोत्यांवर गेल्या, कुत्र्याच्या पिलांखाली गेल्या. त्यात किती आकडे, किती खिसे गेले असतील.

भाचीने शिवायला घेतली आहे. कडेला तिच्या आईच्या पातळाचे काठ, मग भावाचा शाळेचा सदरा, कबड्डीची जर्सी, आजीच्या गोधडीतून सुटलेला दुपट्ट्याचा एक तुकडा. फौजेच्या नव्या गणवेशाचं कापड आम्ही घेणार नाही. २०२२ पासूनचा तो नमुना बाजारात विकायची परवानगी नाही आणि घरी कापायचीही गोष्ट नाही. मधला चौकोन तिने मोकळा ठेवला आहे. एपीओचा आकडा घालू का, म्हणून विचारत होती. मी म्हटलं, पत्र हातात येऊ दे, मग घाल. हल्ली पत्रं कुठे येतात, फोन येतो. पण तिने भावाकडून एक पत्र मागवलं आणि त्याने पाठवलं, चार ओळींचं.

अमेरिकेच्या त्या बायकांकडून एक गोष्ट आम्ही बिनदिक्कत उचलली. त्यांच्या प्रत्येक गोधडीला मागे कापडी चिठ्ठी शिवलेली असते, कुणासाठी, कुणी, कुठे, कधी. त्याशिवाय गोधडी पूर्ण मानत नाहीत. आपल्या आज्यांनी नाव कधी घातलं नाही. त्यांना सांगणारी माणसं भोवती होती, म्हणून चाललं. आता ती माणसं कमी होत आहेत. आजीच्या गोधडीबद्दल मी इथे जे लिहिलं ते सांगू शकेल असं आमच्या घरात माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांना विनंती आहे. तुमच्या घरातलं कुणी फौजेत असेल, पोलिसात असेल, आयुध निर्माणीत असेल किंवा होतं, आणि माळ्यावर, पेटीत जुनी गोधडी असेल, तर ती या दिवाळीच्या साफसफाईत खाली काढा. उन्हात टाका, पालथी करा. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून विचारा, हा तुकडा कुणाचा, हा कुणाचा. जे कळेल ते पांढऱ्या कापडावर पक्क्या शाईने लिहा आणि मागच्या कोपऱ्यात चार टाके घालून लावा. आमच्या गोधडीला मी ते गेल्या आठवड्यात लावलं, उशाच्या कोपऱ्यात, ५६ च्या खाली. टाके हातानेच घातले.